घर्षण नगण्य माना

हालगे सर फळ्यावर उतार काढतात,
उतारावर एक ठोकळा,
आणि गणिताच्या शेवटी, सवयीनं,
"घर्षण नगण्य माना."
आम्ही एकशे ऐंशी जण मानतो.
दहावीपर्यंत त्याला घर्षण म्हणायचो,
लातूरला आल्यावर फ्रिक्शन.
ठोकळ्याला फरक पडलेला नाही.

आज ट्यूशन एरिया अर्धा रिकामा.
चाकूरची एसटी आली नाही,
नळेगावच्या पोरी आल्या नाहीत,
नांदेड रोडला टायर पेटवलेत म्हणे.
नेट परवापासून बंद,
त्यामुळे 'म्हणे' या शब्दाला
एकाएकी फार काम पडलंय.
झेरॉक्सवाला म्हणतो दोन बस फोडल्या,
मेसच्या मावशी म्हणतात पाच,
शिवकन्याचा भाऊ त्यात होता म्हणे.
शिवकन्या काहीच म्हणत नाही,
पोळीचे तुकडे करते, खात नाही.
मोजमापात चूक किती धरायची
हे पहिल्याच धड्यात झालंय आमचं.
पण तिथं पट्टी तरी एक होती.

सर पुढच्या गणिताकडे वळतात:
एक दगड जमिनीशी पंचेचाळीस अंशांत फेकला,
तर तो सर्वांत लांब—
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं.
सर थांबतात.
खडू तसाच बोटांत.
मग वळून म्हणतात, "दगड नको. चेंडू घ्या."
वीस वर्षं त्या गणितात दगडच होता,
नोट्स छापलेल्या आहेत, बाइंडिंगसकट.
आम्ही पेनानं खोडून चेंडू लिहिलं.
उत्तर तेच आलं.

मुबीना रिपीटर बॅचला आहे.
गेल्या वर्षी तिचा पेपर चांगला गेला होता,
आणि तोच पेपर आदल्या रात्री
आणखी कुठंकुठं जाऊन आला होता.
ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते,
हे ती आता तिसऱ्यांदा लिहून घेतेय.
एकदा मला म्हणाली, बघ ना,
दोन वर्षं मी पहाटे चारला उठले,
त्याचं काय झालं असेल गं,
कशात बदललं असेल ते?
मी म्हटलं, उष्णता.
पुस्तकात हिशेब जुळला नाही की
शेवटी उष्णताच असते.

त्या रात्री पावणेतीनला
जमिनीतून आवाज आला.
रॅकमधली ताटं वाजायला लागली,
आधी लहान, मग परात.
आम्ही बत्तीस पोरी अंगणात, अनवाणी,
कुणाच्या हातात ओढणी, कुणाच्या हातात नोट्स.
अनुनाद शिकून आठवडाच झाला होता,
कुणालाही तो आठवला नाही.
मालकीणबाई किल्लारीकडच्या.
त्या लहान असताना त्यांच्या घराचं माळवद
एका पहाटे खाली आलं होतं.
त्यांनी फरशीवर तळहात टेकला,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकतात तसा,
आणि बराच वेळ उचललाच नाही.
"घाबरू नका," म्हणाल्या, "लांब हाय."
अफवांवर विश्वास ठेवू नका ही सूचना
नेट सुरू झाल्यावर आली,
तिसऱ्या दिवशी, दुपारी.

शिवकन्याचा भाऊ घरी पोचला,
अठ्ठावीस किलोमीटर चालत.
बसच्या इथं तो नव्हताच म्हणे.
होता, पण फक्त बघत होता म्हणे.
ती फोनवर एवढंच विचारत होती,
पायात काय होतं? चप्पल होती का?
चप्पल कुठं तुटली?

रविवारच्या टेस्टला तोच उतार, तोच ठोकळा.
मी घर्षण धरलं.
मुद्दाम नाही, हात तसा चालला.
ठोकळा निम्म्यावर येऊन थांबला,
आणि मला का कुणास ठाऊक बरं वाटलं.

सरांनी चार गुण कापले.
शेजारी लाल पेनानं, बारीक अक्षरात:
"म्यूची किंमत कुठून घेतलीस?"

पेपर परत करताना
ते माझ्या बाकाशी जरा रेंगाळले.
मला वाटतं, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.